म्युकोअ‍ॅडेसिव्ह पॅच चिकटत नाही? या चुका टाळा

म्युकोअ‍ॅडेसिव्ह पॅच म्हणजे तोंडातल्या ओल्या पडद्याला चिकटून औषध देणारी पट्टी. तो सुटतोय म्हटलं की नव्या मुलांचा हात आधी कार्बोपॉलच्या, म्हणजे जेल घट्ट करणाऱ्या पॉलिमरच्या, डब्याकडे जातो. एक टक्क्यानं भागलं नाही? दोन टाका, तीन टाका. जेल छान घट्ट होतं आणि पॅच तरी सुटतोच. घट्टपणा वेगळा, चिकटणं वेगळं. पॉलिमरच्या साखळ्या म्युकसच्या, म्हणजे पडद्यावरच्या चिकट स्रावाच्या, जाळ्यात शिरल्या आणि तिथे बंध जुळले, तरच पॅच धरून राहतो.

पण माझा खरा राग मुंडीवरून होतो. गालात लावायचा पॅच किती चिकटतो ते तपासायला बकऱ्याच्या गालाचा आतला पडदा वापरतात, आणि कोल्हापुरात मटणाची दुकानं गल्लोगल्ली, त्यामुळे हे काम कुणी मनावरच घेत नाही. एम. फार्मच्या एका मुलाचे पॅच सुटायला लागणाऱ्या जोराचे आकडे असे यायचे, की एकाच पॅचचं दुसरं रीडिंग पहिल्याच्या निम्मं. त्यानं पॉलिमर बदलून पाहिलं, ग्लिसरीन कमी केलं, तराजू दोनदा तपासला. शेवटी मी विचारलं, "मुंडी कुठनं आणतोस?"

"चौकातनंच की, मॅडम. संध्याकाळी घेतली. त्यांनीच साफ करून दिली."

साफ करून म्हणजे भाजून! केस जाळायला मुंडी जाळावर धरतात. त्या आचेनं पडदा काही ठिकाणी पांढरट पडून आखडला होता. वर त्यानं ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली आणि सकाळी गरम पाण्यानं धुतली. पृष्ठभागावर म्युकस म्हणावं असं काही उरलंच नव्हतं, आणि तो महिनाभर पॉलिमरला दोष देत बसला होता.

आमच्याकडे आता एकच रीत. दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, सकाळी ताजी, न भाजलेली मुंडी घ्यायची आणि पडदा काढून थंड क्रेब्स बफरमध्ये (ऊती ताजी ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) आणायचा. खालची चरबी आणि मांस कात्रीनं हलकेच काढा, पण वरची बाजू कापसानं पुसू नका. त्याच दिवशी वापरून टाका. ज्या फॉर्म्युल्यांची तुलना करायची, ते सगळे एकाच जनावराच्या पडद्यावर तपासा आणि मग दुसऱ्या जनावरावर सगळी चाचणी पुन्हा करा. वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी चूक पीएचची. आम्ल मारणारं ट्रायइथॅनॉलअमाइन (न्यूट्रलायझर) टाकत टाकत पीएच ७ च्या वर नेलं की जेल काचेसारखं स्वच्छ दिसतं, म्हणून सगळे तिथपर्यंत जातात. पण म्युकसशी हायड्रोजन बंध जुळवतात ते कार्बोपॉलचे आयन न झालेले कार्बोक्सिल गट. कार्बोपॉलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या गटांचे आयन झालेले असतात तो, ६ च्या आसपास आहे. त्याच्या वर गेलात की बहुतेक गट ऋणभारित होतात, म्युकसमधलं प्रथिन म्युसिनही ऋणभारितच, मग दोघं एकमेकांना ढकलतात. मी न्यूट्रलायझर थेंबाथेंबानं घालते आणि तोंडाला सोसेल इतपत पीएच आलं की थांबते.

कायटोसान या दुसऱ्या चिकट पॉलिमरचं उलटं. आम्लात तो धनभारित असतो आणि म्युसिनला धरतो; पीएच ६.५ ओलांडलं की हा जोर ओसरतो. कायटोसान आणि कार्बोपॉलची द्रावणं घाईनं एकत्र ओतलीत तर गोळे बसतात. क्षारही बेतानं घाला, कार्बोपॉल पातळ पडतो.

पाण्याचं गणित भाकरीच्या पिठासारखं आहे: कमी पडलं तर धरत नाही, जास्त झालं तर हातातून निसटतं. फुगून बुळबुळीत झालेला पॅच टिकत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ग्लिसरीनचे पॅच उघड्यावर नुसते ठेवले तरी ओलावा ओढतात. डेसिकेटर, म्हणजे ओलावा शोषणारं बंद भांडं, वापरा.

चाचणी करताना दाब आणि संपर्काचा वेळ दर वेळी सारखाच ठेवा. पॅच सुटल्यावर पडद्याकडे नीट बघा. त्यावर जेलचा थर राहिला असेल तर सुटका पडद्यापाशी झालेली नाही, जेलच आतून फाटलंय. तुम्ही मोजलीत ती जेलची स्वतःची ताकद. तिथे आणखी चिकट पॉलिमर घालून काही होणार नाही, जेल आतून मजबूत करा.

थायोल (गंधक-हायड्रोजनचे) गट जोडलेल्या पॉलिमरची हल्ली सगळ्यांना घाई. हे गट म्युसिनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंध बांधतात, ती पकड खरंच जबरदस्त असते. पण अल्कधर्मी द्रावणात हवा लागली की ते आपापसातच जुळतात आणि म्युकससाठी काही उरत नाही. डायलिसिस आम्लात करा, फ्रीज ड्राय करून गार जागी ठेवा, आणि पॅच ओतायच्या दिवशी मोकळे थायोल गट मोजणारी एलमन चाचणी पुन्हा लावा. जुन्या बॅचचा आकडा चालणार नाही.