फिनलंडला एक्स्चेंजवर जाताय? बर्फावर मासे धरायला नक्की जा

मुंबईहून एका सेमिस्टरसाठी फिनलंडला निघालेले ज्युनिअर थंडीच्या कपड्यांबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना लगे हाथ बर्फावरच्या मासेमारीचंही सांगते. मी ओउलूला होते, बॉथनियाच्या आखाताच्या काठी. तिथल्या पाण्यात मीठ इतकं कमी की दर हिवाळ्यात समुद्रच गोठतो. मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात वाढलेली. आमच्याकडे समुद्रात जायचं म्हणजे आधी होडी लागते. तिकडे माणसं पाठीवर सॅक अडकवून चालत जातात.

खर्चाची धास्ती नको. एक छोटी काठी आणि एक गळ घेऊन बर्फाला पाडलेल्या भोकातून मासे धरायला तिथे परवाना लागत नाही, फीही नाही. हा हक्क परदेशी विद्यार्थ्यांनाही आहे. फक्त सॅल्मन, ट्राउट या माशांच्या नद्यांतले खळाळते उतार आणि बंदी असलेल्या जागा टाळायच्या. जा मात्र मार्चमध्ये. डिसेंबरात ओउलूला दिवस चार तासांचाही नसतो. मार्चमध्ये लख्ख ऊन असतं आणि बर्फही जाड असतो. गॉगल विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बर्फ. एकट्याने कधीही जाऊ नका, आणि पहिल्यांदा जाताना तिथलाच कोणी जाणकार सोबत हवा. काळपट, पारदर्शक बर्फ मजबूत. वरून पडलेला भुसभुशीत बर्फ भिजून, गोठून झालेला पांढरा बर्फ त्याच्या साधारण निम्म्या ताकदीचा. एका माणसाला चालायला किमान ५ सेंटिमीटर मजबूत बर्फ लागतो असं सांगतात, पण नवख्याने १० सेंटिमीटरशिवाय पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नदीचं मुख, पुलाखालची जागा, लव्हाळ्याची कड इथे बर्फ दगा देतो. मार्चनंतर, तिकडच्या वसंतात, तर जाड बर्फही आतून पोकळ झालेला असतो. गळ्यात दोरीने बांधलेले दोन टोकदार खिळे घालायचेच. पाण्यात पडलात तर आलात त्याच दिशेला वळा, खिळे बर्फात रोवा, पाय मारत वर या आणि उभं न राहता लोळत लांब जा. मदतीचा नंबर ११२.

भोक हाताने फिरवायच्या गिरमिटाने पाडतात. खांदे भरून येतात, मग एकदम पातं आरपार जातं आणि पाणी भसकन वर येतं. झाऱ्यासारख्या पळीने बर्फाचा चुरा काढायचा, आणि तो अधूनमधून काढतच राहायचा, कारण भोकावर लगेच नवी साय धरते. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून तळ्यात तळाशी त्यातल्या त्यात ऊब असते. गळ तळापर्यंत सोडून थोडा वर घ्या, हलकेच उचला आणि थांबा. मासा बहुतेकदा त्या थांबण्यातच लागतो. हिवाळ्यात तो सुस्त असतो, त्यामुळे झटका नाही, काठीचं टोक नुसतं थरथरतं. बराच वेळ काही लागलं नाही तर दुसरं भोक पाडा.

कपड्यांचं म्हणाल तर अंगाशी लोकर हवी, सुती अजिबात नको. घाम धरला की सुती कपडा गारच पडतो. थर्मल इथून न्या, पण बूट तिकडेच जुन्या वस्तूंच्या दुकानात घ्या, एक नंबर मोठे, म्हणजे आत जाड मोजे मावतील. हातमोज्यांचा दुसरा जोड सॅकमध्ये ठेवा, पहिला भिजतोच.

लागतो तो बहुधा पर्च: अंगावर काळे पट्टे, खालचे पर तांबडे आणि पाठीवर काटेच काटे. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, “आधी वरचे काटे काप, मगच हात लाव.” खवलेही चिवट असतात, म्हणून तिकडचे लोक सरळ कातडी सोलतात. हळद, तिखट, मीठ आणि वर तांदळाचं पीठ लावून तव्यावर परतला की फार गोड लागतो. तळताना हॉस्टेलच्या किचनचा एक्झॉस्ट लावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजेल.

काठी आणि गिरमिट विकत घ्यायची घाई करू नका. तिथली काही सार्वजनिक वाचनालयं पुस्तकांसोबत खेळाचं सामानही उसनं देतात. आधी तिथे विचारा, मग युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थी संघटनेकडे.