ओट्याच्या कडेचं ग्राउट सारखं निघतंय? या चुका टाळा

टाइल्सच्या ओट्याची मागची कड, म्हणजे ओटा न् भिंतीच्या टाइल्स जिथं भेटतात ती रेघ, दर वर्षी तडकायली अशी तक्रार लई घरांत असते, मग पुन्हा व्हाईट सिमेंट आणायचं, भरायचं, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. लगेच मिस्त्रीच्या कामाला नावं ठेवू नका, तिथं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरायचा मसाला, टिकतच नाही. भिंत वेगळी हलते, ओटा वेगळा, त्यात आपली घरं काळ्या मातीवर, पावसात माती फुगते न् उन्हाळ्यात आकसते, वरून परभणी-नांदेडचं ४२-४३ अंशांचं ऊन. कडक सिमेंट एवढं कसं सोसणार? त्या कोपऱ्यात आणि सिंकभोवती रबरासारखं ताणलं जाणारं सिलिकॉन सीलंटच पाहिजे, बुरशी न धरणारं घ्या.

दुसरी मोठी चूक म्हणजे जुनं न काढता वरून थापणं. वरचा पातळ थर सुटणारच. खरवडून काढा, धूळ ब्रशनं झाडा, सांधा पूर्ण कोरडा होऊ द्या, ओलसर जागेवर सिलिकॉन धरत नाही. दोन्हीकडं मास्किंग टेप लावा, गननं एका दमात रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा आणि ओलं असतानाच टेप काढा. मग २४ तास तिथं पाणी नको, भांडी दुसरीकडं घासायची बरं का.

टाइल-टाइलमधल्या सांध्यात मात्र ग्राउटच. पाणी जास्त घालून पातळ करू नका, सुकताना आकसतं, भुसभुशीत होतं, रंगही डागाळतो. श्रीखंडाएवढं घट्ट ठेवा.

पुढच्या कडेला कुकर, परातीची ठोकर बसते, हळदीचे डाग पडतात, तिथं माझ्या मते इपॉक्सी ग्राउटचाच, म्हणजे रेझिन न् हार्डनर हे दोन भाग कालवून भरायच्या ग्राउटचाच, खर्च करावा. पण मे महिन्याच्या दुपारी अख्खा पॅक कालवला तर भरेपर्यंत दगड होतो. सकाळी करा, थोडं थोडं कालवा, रेझिन-हार्डनरचं माप बदलू नका, टाइलवरचा चिकट थर लगेच पुसा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला ॲसिड ओतायची सवय तेवढी सोडा, सिमेंटचं ग्राउट ते खाऊन टाकतं. रोज रात्री ओटा कोरडा पुसला तर डाग धरतच नाहीत.

आणि एवढं करूनही सांधा काळा पडायला, ओट्याखाली ओल दिसायली तर पुन्हा ग्राउट भरत बसू नका, आधी नळाचा जॉइंट आणि सिंकचा पाइप बघा.