नर्सिंग सुपरवायझर झाल्यावर या चुका टाळा

वॉर्डमधली सर्वांत हुशार नर्स सुपरवायझर होते आणि काही महिन्यांतच तिच्या हाताखालचा स्टाफ बदली मागू लागतो, असं बऱ्याच रुग्णालयांत घडतं. तिचं कौशल्य कमी पडलेलं नसतं. रुग्णाच्या खाटेपाशी वर्षानुवर्षं कमावलेला आत्मविश्वास नव्या पदावर तसाच्या तसा सोबत येत नाही, इतकंच. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नवशिक्या नर्सपासून तज्ज्ञ नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या, तेव्हा अनुभवी नर्सही अगदी अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिकी ठरू शकते हे त्यांनी नोंदवलं होतं. माझ्या मते सुपरवायझरच्या कामालाही हे तंतोतंत लागू पडतं. पुढच्या बहुतेक चुका हे नवखेपण झाकण्याच्या धडपडीतून होतात.

“द्या इकडे, मीच करते”

ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि ती चूक वाटतही नाही. नवी नर्स शीर शोधताना अडखळते, सुपरवायझर तिच्या हातून कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) घेते आणि क्षणात लावून मोकळी होते. रुग्णाचा त्रास वाचतो. सुपरवायझरलाही बरं वाटतं, कारण या कामात तिचा हातखंडा आहे. पण त्याच वेळी ड्युटीचा तक्ता, दोन नर्समधली धुसफूस, औषधसाठ्याची तक्रार ही तिची खरी कामं पडून राहतात. शिकणारी मात्र मनात एवढंच घेऊन जाते, की आपल्याला हे जमत नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः पार पाडलेलं काम, दुसऱ्याला ते करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांत पहिला सर्वांत भक्कम. तेव्हा शेजारी उभ्या राहा, पण हात मागे ठेवा. शीर बोटाला कुठे लागते ते तिलाच विचारा. किती प्रयत्नांनंतर तुम्ही पुढे व्हायचं, हे दोघींनी आधी ठरवून ठेवा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर अर्थातच काम लगेच हाती घ्या, मात्र धावपळ संपल्यावर तिला घेऊन बसा आणि काय केलं, का केलं ते सांगा.

तुमच्या स्वतःच्या आत्मविश्वासाचंही असंच आहे. सगळा वॉर्ड एकदम सुधारायला जाऊ नका. आधी एका पाळीचा हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवणं, वेळेत आणि नीट होईल एवढंच बघा. ते जमलं की पुढचं अवघड काम हाती घ्यायला बळ येतं.

आवाज चढवून धाक बसवणं

मनातून खात्री नसली की आवाज चढतो. मग हँडओव्हरच्या वेळी, रुग्ण आणि नातेवाईक ऐकत असताना, एखादीला झापलं जातं. त्या दिवसापासून वॉर्डमध्ये चुका होणं थांबत नाही, त्या कानावर येणं थांबतं.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. ज्या टीमचं आपसात चांगलं जमतं तिथे कमी चुका दिसतील अशी अपेक्षा होती, पण तिथेच जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. त्या टीममध्ये चूक उघडपणे सांगता येत होती, असा त्याचा अर्थ पुढे लागला. म्हणून नोंदवही कोरी दिसली तर निर्धास्त होऊ नका, कोरी का आहे ते शोधा.

चूक समोर आली की “कोणी केलं?” हा प्रश्न मागे ठेवा. आधी रुग्ण कसा आहे ते पाहा, मग नेमकं काय झालं ते विचारा. कित्येकदा सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाच्या कुप्या) एकाच कप्प्यात ठेवलेल्या सापडतात. नर्सला कितीही बोललात तरी तो कप्पा तसाच राहिला, तर तीच चूक उद्या दुसरी कोणी करेल. जाणूनबुजून नियम मोडला असेल तर कारवाई हवीच, पण बंद दाराआड.

सगळ्यांना एकाच मापाने मोजणं

नवख्या नर्सला पायरीपायरीने सूचना लागतात. अनुभवी नर्सला त्याच सूचना दिल्या तर तिला तो अविश्वास वाटतो. तिला काय साधायचं ते सांगा, कसं ते तिच्यावर सोडा.

प्रेरणा म्हणून भाषण

‘सेवाभाव’ या विषयावरच्या बोलण्याने थकलेल्या नर्सचा थकवा जात नाही. पगार सुपरवायझरच्या हातात नसतो, पण ड्युटीच्या तक्त्यात तिचा शब्द बराच चालतो, आणि स्टाफ तिची पारख तिथेच करतो. जी तक्रार करत नाही तिच्याच वाट्याला सारख्या रात्रपाळ्या येतात का, हे मागच्या काही तक्त्यांवरून स्वतः तपासा. येत असतील तर पुढच्याच तक्त्यात दुरुस्त करा.

कौतुकही नेमकं हवं. “छान काम” हे ऐकून विसरलं जातं. “सिस्टर, काल रात्री श्वासाचा वेग वाढलेला तुम्ही वेळीच टिपलात, म्हणून डॉक्टरांना लगेच बोलावता आलं,” हे लक्षात राहतं, आणि ऐकणारी दुसरी नर्सही पुढच्या रात्री श्वास मोजायला विसरत नाही.

वरिष्ठांपुढे गप्प बसणं

खाली कडक आणि वर मुकाट, अशा सुपरवायझरवर कोणी विसंबत नाही. धीर होत नसेल तर बोलण्याचा साचा मदतीला घ्या. रुग्णाची माहिती देताना वापरला जाणारा एसबार (SBAR) हा चार भागांचा साचा इथेही चालतो: परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचं मूल्यमापन आणि मागणी. बहुतेक जणी पहिल्या तीन गोष्टी सांगून थांबतात आणि मागणी राहूनच जाते. “स्टाफ कमी पडतो” असं म्हणू नका. किती रुग्णांमागे किती नर्स होत्या, त्यामुळे कोणती औषधं उशिरा गेली ते सांगा आणि “उद्याच्या रात्रपाळीला एक नर्स जास्त द्या” असं स्पष्ट मागा.

नकार मिळाला तर तोही वॉर्डमध्ये येऊन सांगा, कुणाकडे मागितलं आणि काय उत्तर आलं यासकट. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर स्टाफ असंच धरून चालतो की मागणी केलीच गेली नाही.