मागून 'ठक्' आवाज येतोय? डिफ उघडण्याआधी हे तपासा

क्लच सोडला की मागून 'ठक्'. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढून पुन्हा दिला की परत 'ठक्'. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा, इको, छोट्या-मोठ्या पिकअप, म्हणजे ज्या गाडीत इंजिनाची ताकद लांब शाफ्टने मागच्या हाउसिंगपर्यंत (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचापर्यंत) जाते, तिथे ही तक्रार आज ना उद्या येतेच. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, नेक्सॉन किंवा इनोव्हा हायक्रॉस पुढच्या चाकांवर चालतात. त्यांच्या मागे शाफ्टच नाही, त्यामुळे आवाज आला तर तो सस्पेन्शनचा किंवा ब्रेकचा समजा.

या आवाजावर बऱ्याचदा 'डिफ गेलं' असा निकाल लगेच दिला जातो. डिफ म्हणजे डिफरन्शियल, हाउसिंगमधला चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच. ते सर्वांत शेवटी उघडायचं असतं. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या प्रत्येक जोडात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) असतो आणि दिशा बदलताना तो सगळा एकदम भरून निघतो, तोच हा 'ठक्'. कुठल्या जोडाचा वाटा जास्त आहे हे वेगवेगळं मोजलं नाही, तर पार्ट बदलत राहाल आणि आवाज तसाच राहील. शिवाय शाफ्ट ही पोकळ नळी. गिअरबॉक्सच्या तुटलेल्या माउंटिंगचा धक्काही तिच्यातून मागे घुमतो, म्हणून कानावर फार विसंबू नका.

आवाज नेमका कधी येतो

गाडी सुटताना आणि गिअर बदलताना एकच ठोका येत असेल, तर क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, सगळीकडे वळणारा जोड), स्लिप योक (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग), डिफ किंवा माउंटिंग. हळू वेगात चाकाच्या लयीत चीं-चीं ऐकू येत असेल आणि पुढे त्याचं 'टक्-टक्' झालं असेल, तर सुकलेला क्रॉस जवळजवळ नक्की. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवरच धपधप येत असेल, तर शाफ्टला हात लावू नका. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शॅकल, शॉकअप पाहा. इनोव्हासारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत लिंकचे आणि आडव्या रॉडचे बुश बघा. अगदी हळू वळतानाच कटकट होत असेल, तर डिफमधले स्टार पिनियन (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर) किंवा ॲक्सलचा आत-बाहेर प्ले. रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदा 'टक्' होऊन नंतर काहीच नाही, असं असेल तर ड्रममधले शू जागा बदलतायत. तो आवाज एकदाच येत असेल तर सोडून द्या.

चालू इंजिनच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. त्याऐवजी मोबाईल चाकांच्या वाटेपासून दूर, जमिनीवर टेकवून शाफ्टकडे तोंड करून ठेवा आणि व्हिडिओ सुरू करा. मग मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नसताना, फूटब्रेक घट्ट दाबून क्लच फक्त पकडेपर्यंत सोडा, आधी पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये. व्हिडिओ हळू करून पाहा. शाफ्ट फिरून मग हाउसिंग हललं, की हाउसिंगचं नाकच वर-खाली झालं? पुढे जाताना नाक वर उचलतं, रिव्हर्सला खाली जातं. थोडी हालचाल चालते, पण पाट्यावर हाउसिंग सरकताना दिसलं तर हाउसिंग पाट्याला बांधणारे यू-बोल्ट ढिले आहेत किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलाय. यू-बोल्टच्या कडेला ताजा चकचकीत घासलेला पट्टा दिसतो, ती खूण पक्की.

गाडी उचलून

सपाट जागा हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा, कारण मागचा भाग उचलला की हँडब्रेक गाडी धरत नाही. घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चासीखाली न लावता हाउसिंगच्या नळीखाली लावा. चासी उचलली तर हाउसिंग लोंबतं, शाफ्टचा कोन बदलतो आणि खराब क्रॉसही त्या कोनात कधी कधी घट्ट वाटतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं चालतील असं) ठेवा.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा काटा) एका हाताने, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या हाताने धरा आणि उलटसुलट पिळा. मग योक आणि क्रॉसच्या फटीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून पाहा. इथे हिशोब सरळ आहे: क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल असा प्ले शून्य हवा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या सीलभोवती लालसर तपकिरी भुकटी दिसली तर ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया गंजल्यात. त्यानंतर ग्रीस मारून आवाज थोडे दिवस दबेल, पण सुयांनी क्रॉसच्या दांड्यावर पाडलेले चर भरून येत नाहीत. असा क्रॉस घेऊन हायवेला जाऊ नका. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर आपटतं आणि वेगात गाडी उचलली जाऊ शकते.

क्रॉस बदलताना फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडायची चकती) आणि शाफ्टवर आधी खडूने किंवा पंचने खूण करा. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत राहायला हवेत. स्लिप योक एक दात जरी चुकून बसला तरी गाडी थरथरते. नवीन क्रॉस घेण्याआधी कपाचा व्यास आणि क्रॉसची लांबी व्हर्नियरने मोजा. दिसायला सारखे पण मापाला वेगळे क्रॉस बाजारात भरपूर मिळतात. कप दाबताना एक सुई आडवी पडली की सर्क्लिप (कप अडवणारी रिंग) बसत नाही. तेव्हा हातोडी मारत बसू नका, कप काढून सुया ग्रीसने चिकटवून पुन्हा बसवा. बसल्यावर क्रॉस हाताने सगळीकडे सारखा वळला पाहिजे. जड वाटला तर योकच्या कानावर हलकेच टकटक करा. ग्रीस निपल असेल तर चारही सीलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवा. एका सीलमधून आलं नाही, तर तोच कप पुढे सुकणार. ओढ्या-नाल्यातून, चिखलातून चालणाऱ्या गाडीला पावसाळा संपल्या संपल्या ग्रीस द्याच.

थांबलेली गाडी सुटताना, किंवा थांबल्यावर क्षणभराने 'ठक्' होत असेल आणि क्रॉस चांगले असतील, तर स्लिप योकचे स्प्लाइन (लांबट दात) कोरडे आहेत. शाफ्ट काढून स्प्लाइन पुसा, मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस लावा. खर्च जवळजवळ काहीच नाही. शाफ्ट दोन तुकड्यांत असेल तर सेंटर बेअरिंग (शाफ्टचा मधला आधार) हाताने वर दाबून पाहा. रबर फाटलेलं असेल तर ते सहज उचललं जातं. फ्लँजचे चारही बोल्ट पान्याने तपासा. एक ढिला बोल्टही हुबेहूब डिफसारखा आवाज करतो.

आता डिफ

हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रल ठेवून पिनियनच्या (शाफ्टने फिरणाऱ्या डिफच्या छोट्या गिअरच्या) फ्लँजवर आणि हाउसिंगवर एका रेषेत खडूची खूण करा. शाफ्ट हाताने अडेपर्यंत इकडे, मग तिकडे फिरवा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे मागचा एकूण प्ले. तो थोडा असतोच, ओपन डिफमध्ये स्टार पिनियनचाही प्ले त्यात येतो. जमलं तर त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी ताडून पाहा. आता फ्लँज धरून वर-खाली ढकला. इथे जराही हललं, तर पिनियन बेअरिंग.

मग पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरायला लागेपर्यंत पहिलं किती रिकामं फिरतं ते पाहा. जास्त फिरलं तर दोष बराचसा स्टार पिनियन, त्यांचे थ्रस्ट वॉशर किंवा ॲक्सलच्या स्प्लाइनमध्ये. क्राउन-पिनियनला (डिफच्या मोठ्या-छोट्या मुख्य गिअरना) अजून हात लावायची गरज नाही.

तेल काढताना आधी वरचा भरायचा प्लग सोडा. तो गंजून अडला आणि खालचा आधीच उघडला असेल, तर गाडी तेलाविना जागेवर अडकते. प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे तुकडे, दाताची कपची किंवा पत्र्यासारखे वॉशरचे तुकडे मिळाले, तर उघडावंच लागेल. भरताना मॅन्युअलमधला ग्रेड घाला, बहुतेक गाड्यांना जीएल-५ चं ८० डब्ल्यू ९० लागतं. भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल पुरे.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. बॅकलॅश (दोघांच्या दातांमधला प्ले) डायल गेजने सेट करावा लागतो. बऱ्याच हलक्या गाड्यांत तो ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरा. गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका. आणि पिनियनचा नट ढिला दिसला म्हणून एअर गनने आवळून टाकू नका. आत क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) असेल तर ती जास्त दबते, बेअरिंगवर ताण येतो आणि काही दिवसांत ठक्च्या जागी घरघर सुरू होते. मग नवी स्लीव्ह टाकून, प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला ताण) पुन्हा मोजूनच नट बसवावा लागतो.