शेगडीचं लाकूड उन्हाळ्यातच भरा

ग्वाल्हेरात पौषात पारा रात्री 4-5 अंशांवर आला की टालीवर, म्हणजे वखारीत, गर्दी उसळते आणि घाईत ओलं लाकूड गळ्यात पडतं. विक्री वजनावर होते. क्विंटलभर लाकडात 40 टक्के पाणी असेल तर 40 किलो पाण्याचेच पैसे तुम्ही देता. घरी पेटवल्यावर आच ते पाणी उडवण्यातच जाते आणि खोलीभर धूर होतो.

म्हणून वैशाखात घ्या. इथल्या लूसारखं, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्यासारखं, लाकूड दुसरं काहीच सुकवत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: सुकलेल्या टणटणतात, ओल्या बद्द वाजतात. टोकाला मधून बाहेर चिरा गेलेल्या असाव्यात, साल सहज सुटावी. बाभूळ मिळाली तर सोडू नका, तिचा निखारा टिकतो.

हातगाडीवर जड ओंडके चाकांच्या वर ठेवा. मागे भार गेला की दांडा उचलला जातो.

घरी आणल्यावर ओंडके मनगटाएवढे फोडा. ओल टोकांतून आणि फोडलेल्या अंगाने जाते, सालीतून फारच कमी. रचण विटांवर, भिंतीपासून चार बोटं दूर. जमिनीला टेकली तर वाळवी लागलीच समजा. पावसाळ्यात ताडपत्री फक्त वरून घाला, सगळीकडून गुंडाळलीत तर बुरशी येईल.

रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड शेगडीत मुळीच नको. आणि निखारे असलेली शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही.