ब्रश दिसताच मूल तोंड मिटून घेतं?

ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ब्रशचा हलका स्पर्श चक्क बोचतो. म्हणून आधी तळहातांनी गाल आणि जबडा 10-15 सेकंद सावकाश, घट्ट दाबा. मान मागे घेतली तर लगेच थांबा. पुदिन्याची पेस्ट झोंबते, फेसाने उमासा येतो. कमी फेसाची, सौम्य चवीची फ्लोराइड पेस्ट घ्या: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. दाढांपासून सुरुवात नको. पुढच्या दातांवर ब्रश फिरवत मोठ्याने पाच मोजा आणि पाचाला तो खरोखर बाहेर काढा. इथे फसवलंत तर उद्या तोंड उघडणारच नाही. ब्रश धुऊन पेल्यात ठेवणं ही शेवटची पायरी पहिल्या दिवसापासून मुलाकडेच द्या. ती जमली की त्याआधीची, चूळ भरायची, शिकवा.