टीडीएस कापला म्हणजे पैसे गेले असं नाही

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी घरून मशीन ड्रॉइंग करून देणारे बरेच इंजिनिअर नाशकात आहेत. बिलातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, कापला जातो आणि कित्येक जण ‘कर भरला, विषय संपला’ म्हणून आयकर रिटर्नच भरत नाहीत. कळकळीने सांगते, असं करू नका.

टीडीएस हा आगाऊ जमा झालेला तुमचाच पैसा आहे. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, इंटिरिअर, वकिली अशा व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सवलत मिळते. वर्षाची जमा, म्हणजे कामाचे मिळालेले एकूण पैसे, 50 लाखांपर्यंत असेल, तर त्यातली किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. खरी कमाई जास्त असेल तर जास्तच दाखवायची.

समजा, 2025-26 मध्ये 12 लाख जमा झाले आणि 1 लाख 20 हजार कापले गेले. उत्पन्न 6 लाख धरलं आणि दुसरी काही मिळकत नसेल, तर नव्या करप्रणालीत कर शून्य. कापलेली सगळी रक्कम परत मिळते, पण रिटर्न भरलं तरच!

आधी आयकर पोर्टलवर जाऊन प्रत्येक कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर कारखान्याच्या अकाउंट्स विभागाला लगेच फोन करा. वर्ष उलटलं की दुरुस्ती करून घेताना फार दमछाक होते.

उलट, टीडीएस वजा करूनही 10 हजार किंवा जास्त कर निघत असेल, तर या सवलतीत तो 15 मार्चपर्यंत एकरकमी भरा.